शोमरोनी बाईची दाढी

"यंदा मातीत मीठ नाही घालायचं," हिल्डा मार्पल्स म्हणाली, आणि कोठारात पोटरीभर चिखलात उभ्या असलेल्या सात बायका आणि तिचा नवरा सिरिल माती तुडवता तुडवता थांबले.

"नाही?" सिरिलने विचारलं. मिठाचं पोतं त्याच्या खांद्यावरच होतं.

"नाही. बावीस वर्षं मी या मातीत आभाळ बसवतेय. दर जूनला बोटांना चिरा पडतात आणि त्यांत मीठ झोंबतं. यंदा फळी माझ्याकडे आहे. यंदा कुणाच्या बोटांची आग होणार नाही."

बायकांना इतका आनंद झाला की एकीने टाळ्या वाजवल्या आणि शेजारणीच्या चष्म्यावर चिखल उडाला. कोपऱ्यात खुर्चीत बसलेल्या एनिड फर्निसबाईंनी मात्र प्लास्टरमधला पाय स्टुलावर नीट मांडला आणि एक भुवई वर केली. एकतीस वर्षं फळी त्यांच्याकडे होती. ईस्टरला कोंबडीमागे धावताना घोटा मोडला नसता, तर बत्तिसावं वर्षही त्यांचंच होतं.

"मीठ घालतात," त्या म्हणाल्या.

"पण कशासाठी घालतात, मिसेस फर्निस?"

एनिडबाईंनी विचार केला. त्यांच्या आईने घातलं होतं. आजीने घातलं होतं.

"घालतात म्हणून," त्या म्हणाल्या. आणि मीठ पोत्यासकट परत गेलं.

एल्डरलो गावाची फळी म्हणजे साधी फळी नव्हे. दोन पुरुष उंचीची लाकडी चौकट, तिच्यात थापलेली ओली चिकणमाती आणि त्या मातीत पाकळ्या, पानं, बिया, शेवाळ बोटांनी दाबून उभं केलेलं बायबलातलं एक चित्र. जूनच्या दुसऱ्या शनिवारी ते झऱ्यावर नेऊन बसवायचं, बिशपनी येऊन पाण्याला आशीर्वाद द्यायचा. देवाने वर्षभर पाणी दिलं, त्याचे हे आभार. म्हणून चित्रात रंगाचा एक थेंबही चालत नाही. जे देवाने उगवलं, तेच वापरायचं.

एनिडबाईंनी हिल्डाला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. "शनिवारी पाच वाजता कमिटी बसेल. चांगलं झालं तर फळी पुढेही तुझी. नाही जमलं, तर ग्वेनकडे जाईल. ग्वेन माझी भाची आहे म्हणून म्हणत नाही मी. तिची बोटं लांब आहेत."

हिल्डाने मान डोलावली होती आणि त्या रात्री झोपेत तिने पांघरुणावर पाकळ्या बसवल्या, असं सिरिल सांगतो. बावीस वर्षं निळी पाकळी, तिच्या शेजारी निळी पाकळी, तिच्या शेजारी निळी. खाली येशू, संदेष्टे, मासे, मेंढरं, सगळं दुसऱ्यांच्या हातून व्हायचं. आता चेहरे तिचे होते.

चित्र तिने निवडलं ते विहिरीवर येशू आणि शोमरोनी बाई. तहानलेला येशू तिच्याकडे पाणी मागतो, ती घागर घेऊन उभी राहते. वर शब्द दोनच: 'जिवंत पाणी'. एनिडबाईंच्या चित्रांतले चेहरे थाळीसारखे सपाट असायचे. हिल्डाला त्या बाईला गाल द्यायचे होते, हनुवटी द्यायची होती. त्यासाठी सावली हवी. सोमवारी, बियांच्या दिवशी, तिने जीव ओतून सावली भरली. गालांच्या खाली, जबड्याच्या कडेने आणि वरच्या ओठावर थोडीशी. सगळी मोहरीची. एकेक दाणा टोकदार काडीने बसवलेला.

"बाई श्वास घेईल असं वाटतंय," सिरिल म्हणाला.

"तुझ्या तोंडात साखर पडो," हिल्डा म्हणाली.

बिया आधी बसवतात, कारण त्या टिकतात. पानं मधे. पाकळ्या शेवटी. तोवर माती सुकू नये म्हणून फळीवर ओली चादर टाकतात आणि कोठाराचं दार लावून घेतात. त्या आठवड्यात ऊनही असं पडलं की म्हातारी माणसं बाहीची बटणं सोडून बसली. थोडक्यात, कडधान्याला मोड आणायला जे जे करावं लागतं, ते सगळं एल्डरलोच्या बायकांनी पाच दिवस मनोभावे केलं.

शुक्रवारी संध्याकाळी पाकळ्या बसवताना हिल्डाला हनुवटी जराशी हिरवट दिसली. डोळे थकलेत, असं तिने ठरवलं. बाकीच्यांचे डोळे थकलेले नव्हते. पण एल्डरलोत कुणी कुणाला असं तोंडावर सांगत नाही.

"चेहरा मोठा तरतरीत झालाय हो, हिल्डा," एक म्हणाली.

"हो ना. रोज नवीन काहीतरी दिसतं त्यात," दुसरी म्हणाली.

"उद्या ऊन पडेल, नाही?" तिसरी म्हणाली, आणि सगळ्या घाईघाईने हवेवर बोलू लागल्या.

शनिवारी सकाळी आठला फळी ट्रॅक्टरवरून झऱ्यावर आली. दहा जणांनी ती उभी केली, खुंट्या ठोकल्या. हिल्डाने मनात प्रार्थना म्हटली आणि चादर ओढली.

येशू शांत बसला होता. मागे निळंभोर आभाळ होतं. आणि शोमरोनी बाईला बोटभर लांब, दाट, हिरवीगार दाढी आली होती. मिशाही होत्या. वारा आला तशी दाढी हलली.

ट्रॅक्टरवाल्याने टोपी काढली.

"सिरिल," हिल्डा खालच्या आवाजात म्हणाली, "मला दिसतंय ते तुला दिसतंय?"

"मला वाटलं तुला तसंच हवं असेल," सिरिल म्हणाला.

"बाईला दाढी? मला हवी असेल?"

"तू म्हणालीस सावली. मी म्हटलं, वाढली असेल जरा."

खारट मातीत बी रुजत नाही, हे मिठाचं कारण त्या क्षणी साऱ्या गावाला एकदम कळलं. पण आता कळून उपयोग नव्हता. घड्याळात सव्वाआठ झाले होते, तीनला बिशप येणार होते, आणि त्यांच्याबरोबर चाकांच्या खुर्चीतून एनिडबाई.

हिल्डाने आधी चिमट्याने उपटून पाहिलं. कोंबाबरोबर मातीचा खडाही निघाला आणि हनुवटीला देवीचा व्रण पडला. मग तिने नखं कापायची कात्री घेतली. शिडीवर उभं राहून एकेक कोंब कापायला एवढा वेळ लागला की दहा वाजेपर्यंत एक कानशील झालं. तोवर प्रवाशांची पहिली बस आली. माणसं कॅमेरे घेऊन उतरली आणि शिडीवरची बाई चित्रातल्या बाईची दाढी करतेय, याचेच फोटो काढू लागली.

"हे असं जमायचं नाही," सिरिल म्हणाला. "मी आल्फला आणतो."

आल्फ ट्विगने चाळीस वर्षं बाजारगावी न्हाव्याचं दुकान चालवलं होतं आणि निवृत्त होऊन तो गुलाबांची छाटणी करत होता. तो आला तो पांढरा कोट घालून, कंगवा खिशात लावून. शिडी चढला, चेहरा या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला.

"शेवटची दाढी कधी केली होती यांनी?" त्याने विचारलं.

"आल्फ, मी रडेन हं," हिल्डा म्हणाली.

"रडू नकोस, पाणी मिळालं की आणखी वाढेल. वर लिहिलंयस ना, जिवंत म्हणून? मग आता भोग." त्याने कंगवा लावला आणि कात्री चालवली. हात मात्र सोन्याचा. कचाकच कचाकच करत उजवा गाल उतरला. खाली सिरिल वाडगं धरून उभा होता, कारण झऱ्याच्या पायरीवर कचरा पडलेला हिल्डाला खपत नाही. वाडगं भरलं, तेव्हा त्याने ते शेजारच्या टेबलावर ठेवलं आणि तो शिडी धरायला गेला.

एक वाजेपर्यंत उजवा गाल आणि अर्धी मिशी साफ झाली. हिल्डाने वरून गुलाबाच्या फिकट पाकळ्या दाबल्या. लांबून पाहिलं तर बाईचा गाल अगदी बाईचा दिसत होता.

"आता डावा," आल्फ म्हणाला. "पण आधी चहा पिऊन येतो. अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक पळून जात नाही, हा माझा अनुभव आहे."

तो गेला. आणि सगळ्या मोहरीने एकाच दिवशी उगवलं पाहिजे असा काही नियम नाही. दीडच्या सुमाराला उजव्या गालावरची एक गुलाबाची पाकळी हलली. मग दुसरी. मागे राहिलेल्या बिया त्यांना खालून डोक्याने उचलत होत्या. पाहता पाहता बाईच्या गालावरून पाकळ्या एकेक करून गळल्या आणि खाली हिरवे खुंट दिसले. आता डाव्या गालाला दाढी होती आणि उजवीकडे दोन दिवसांची वाढलेली.

हिल्डा शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. बावीस वर्षांचं आभाळ तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. ग्वेनची लांब बोटंही गेली. एवढ्यात दुसऱ्या बसमधून उतरलेली एक आजीबाई छत्री टेकत जवळ आली.

"फार सुंदर हो," ती म्हणाली. "येशूबरोबर हे कोण गृहस्थ?"

खोटं बोलायचं नाही, हा हिल्डाचा रोजचा नेम. खरं बोलायचं तर लाज आड आली. तिने नुसतं वर पाहिलं.

"योहान असेल, नाही का?" आजीबाई स्वतःच म्हणाली. "बाप्तिस्मा देणारा. हातात घागर आहे, येशूच्या डोक्यावर ओतणार. किती रानटी दाढी, अगदी तस्साच असणार तो. पण एकाच बाजूला का हो?"

हिल्डा ताडकन उभी राहिली. तिने चित्र पाहिलं. पाणी होतं. येशू होता. घागर होती. पायघोळ झगा होता. वर 'जिवंत पाणी' होतं.

"सिरिल!" ती एवढ्या जोराने ओरडली की कावळे उडाले. "दाढी परत लाव!"

"काय?"

"दाढी! वाडग्यातली! एकेक कोंब परत खोच! आल्फला बोलाव, सगळ्यांना बोलाव! वाडगं कुठाय?"

सिरिलने टेबलाकडे पाहिलं. टेबल होतं. वाडगं नव्हतं.

वाडगं चहाच्या तंबूत गेलं होतं. तंबू सांभाळणारी मुरिएल सकाळपासून अंड्याची सँडविचेस करत होती आणि त्यांत घालायचे मोहरीचे कोंब तिचे बाराला संपले होते. मग समोर टेबलावर ताजे, स्वच्छ कापलेले, वाडगंभर कोंब दिसले. देव कशी काळजी घेतो, असं म्हणून तिने ते उचलले होते.

"तीन ताटं केली," मुरिएल अभिमानाने म्हणाली. "का? काय झालं?"

"दाढी आहे ती!" हिल्डा म्हणाली.

"कुणाची?" मुरिएलने दोन्ही हात तोंडावर नेले.

पुढची वीस मिनिटं एल्डरलोच्या इतिहासात पूर्वी कधी आली नव्हती. हिल्डा, मुरिएल आणि आल्फ टेबलावर वाकून सँडविच उघडत होते, कोंब वेचत होते, अंडं झटकत होते, सँडविच मिटत होते. मुरिएल एकेका कोंबाची माफी मागत होती. आल्फ म्हणत होता, "चाळीस वर्षांत कुणी कापलेले केस परत मागितले नव्हते, आज तेही झालं." रांगेतले प्रवासी मात्र शिस्तीने उभे राहून पाहत होते. इथली पद्धत असेल, असं त्यांनी समजून घेतलं.

दोन ताटं झाली. तिसरं ताट गाडीतून अर्धा तास आधीच येऊन पोहोचलेल्या, सकाळपासून काही न खाल्लेल्या बिशपसाहेबांपुढे होतं.

"सिरिल, जा," हिल्डा म्हणाली.

"मी? बिशपसाहेबांच्या तोंडातून काढू?"

"मिशीचा उजवा कोपरा त्यांच्याकडे आहे. जा!"

सिरिल गेला. आयुष्यात तो स्वतःहून कुणाशी पाच वाक्यं बोलला नव्हता. त्याने टोपी काढून हातात धरली. "बिशपसाहेब, ते सँडविच... एक देता का?"

"अरे, घ्या ना! बसा!" बिशपसाहेब प्रेमाने म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे केलं. सिरिलने सँडविच उघडलं, कोंब वेचून टोपीत टाकले, पाव मिटून परत ठेवला. मग दुसरं उघडलं. मग तिसरं.

"तुम्हाला फक्त हिरवं चालतं वाटतं?" बिशपसाहेबांनी काळजीने विचारलं.

"घरी लागतं," सिरिल म्हणाला आणि टोपी छातीशी धरून पळाला. चौथं सँडविच तोवर बिशपसाहेबांच्या पोटात गेलं होतं. मिशीच्या त्या कोपऱ्यावर हिल्डाने शेवाळ दाबलं.

तीनला पाच कमी होते. शिडीवर आल्फ एका बाजूने आणि हिल्डा दुसऱ्या बाजूने चिमट्याने कोंब खोचत होते. सात बायका खालून हातोहात कोंब पुरवत होत्या. ज्यांनी शुक्रवारी हवेवर गप्पा मारल्या, त्याच आता ओरडत होत्या, "उजवीकडे विरळ आहे गं! कानाजवळ टाक! अगं, हनुवटीला!" बँडने सूर लावला. आल्फने घाईघाईने बाईच्या डाव्या कानातला जास्वंदी डूल खुडला, कंगव्याने दाढी एकदा खाली विंचरली आणि दोघंही शिडीसकट कुंपणामागे गेली.

उजव्या कानातला डूल राहिलाच.

बिशपसाहेब आले. मागून एनिडबाईंची खुर्ची आली. प्रार्थना झाली. मग बिशपसाहेबांनी चष्मा चढवला, चित्रापुढे उभे राहिले आणि मान तिरकी करून ते वरपासून खालपर्यंत निरखू लागले. कुंपणामागे हिल्डाने सिरिलचा हात इतका आवळला की त्याची बोटं पांढरी पडली.

"मी पुष्कळ झरे पाहिले," बिशपसाहेब अखेर म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता. "पण असा योहान पाहिला नाही. रानात राहिलेला, वादळवाऱ्यातला माणूस! बघा, दाढी वाऱ्यावर हलतेय! आणि हे पाहिलंत?" त्यांनी काठीने वर दाखवलं. दाढीत अंड्याच्या बलकाचा एक पिवळा ठिपका राहिला होता. "रानातला मध! योहान मधावर जगला, हे आपण सगळे वाचतो. पण तो दाढीत सांडलेला कुणाला सुचला? कोणा भाविक हाताला!"

भाविक हात कुंपणामागे अजून सिरिलची बोटं आवळून होता.

"आणि एका कानात डूल," बिशपसाहेब किंचित थांबले. एनिडबाई खोकल्या. "तोही... विचार करायला लावतो," असं म्हणून त्यांनी आशीर्वाद दिला. पाणी झुळझुळत राहिलं, बँड वाजला, आणि त्या आजीबाईने शेजारच्या माणसाला सांगितलं, "मी आधीच ओळखलं होतं."

पाच वाजता चर्चच्या हॉलमध्ये कमिटी बसायची होती. हिल्डा पायऱ्यांवरच थबकली. बिशपसाहेबांनी काय मानलं ते त्यांचं. पण कमिटीपुढे गप्प बसून फळी घेणं तिच्या मनाला पटेना. ती सगळं सांगून टाकायचं ठरवत होती, एवढ्यात एनिडबाईंनी आपली खुर्ची दारात आडवी लावली.

"इकडे ये गं जरा."

"मिसेस फर्निस, मला काही सांगायचंय."

"मला कोण सांगणार? पाय मोडलाय माझा, डोळे नाही. मी योहान पुष्कळ केलेत. माझ्या एकाही योहानाला छाती नव्हती."

हिल्डाने मान खाली घातली. "मी आत जाऊन खरं सांगते. फळी ग्वेनला द्या."

"गप्प बस. ग्वेनने मला सकाळीच कळवलंय, तिला मातीत हात घालायला आवडत नाही." एनिडबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझं पहिलं वर्ष होतं. येशूचं शेवटचं भोजन केलं होतं मी. लांब टेबल, तेरा माणसं. शुक्रवारी रात्री पाऊस पडला, कोठार गळलं, माती सरकली. सकाळी पाहते तर टेबलाची दोन्ही टोकं वर वळलेली. तेव्हाचे बिशप आले, म्हणाले, वा! नोहाचं तारू!"

"मग?"

"मग काय! नोहाच्या घरची माणसं आठ. माझ्या टेबलावर तेरा. बिशप चहा पीत होते तेवढ्या वेळात मी पाच शिष्यांना लोकर लावून मेंढरं केली. पेत्राला तर मी स्वतः कान लावले." एनिडबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "एकतीस वर्षं झाली. रोजच्या प्रार्थनेत त्याची क्षमा मागते."

हॉलमधून कुणीतरी हाक मारली. एनिडबाईंनी खुर्ची वळवली. "चल. पुढच्या वर्षीचं चित्र विचारतील ते, काहीतरी ठरवून सांग. पण चेहऱ्यांना सावली दे, मला आवडली."

हिल्डाचे डोळे भरून आले. ती खुर्ची ढकलू लागली, पण उंबऱ्यापाशी पुन्हा थांबली.

"मी आता कुणाची क्षमा मागू? त्या शोमरोनी बाईची?"

"तिची कशाला?" एनिडबाई म्हणाल्या. "बायबलात तिचे पाच नवरे सांगितलेत. दाढीची तिला सवय असेल."